पंचनाम्याच्या आधी, पंचनाम्याच्या नंतर: सोलापूर जिल्ह्यात आपत्तीचा कायदा कसा वापरायचा

सोलापूर जिल्ह्याला टँकरही लागतो आणि होडीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत करमाळा, माढा, बार्शी, सांगोला आणि माळशिरस होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच करमाळा-माढ्यात आणि पुढे मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापुरात सीनेचं पाणी घरात शिरलं आणि लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. हवामान असं दोन्ही टोकांना जायला लागलं की कायद्याची ओळख कलमांपेक्षा कागदांतून करून घ्यावी लागते. मदत मिळेल की नाही हे बहुतेक वेळा मंत्रालयात ठरत नाही. ते सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत, महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) पर्जन्यमापकात आणि पंचनाम्यातल्या एका शब्दात ठरतं.

हवामान बदलासाठी आपल्या देशात एकच असा स्वतंत्र कायदा नाही. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रणजितसिंह खटल्यात म्हटलं. पण तहसील कार्यालयात हा निकाल दाखवून हातात काही पडत नाही. तिथे तीन गोष्टी चालतात: आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राने ठरवलेले निकष, आणि त्या-त्या आपत्तीनंतर निघालेला राज्याचा शासन निर्णय.

कोणाकडे काय मागायचं

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम २५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. रोजचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष पाहतो आणि नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. राज्याचा १०७०, रुग्णवाहिकेचा १०८, पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२. १०७७ लागला नाही तर सोलापूरचा ०२१७ आधी जोडून पाहा. तालुक्यात जबाबदारी तहसीलदारांची. शहरात महापालिकेची, आणि २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं नागरी प्राधिकरण नेमण्याची सोय झाली आहे, त्यात आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष.

कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. गावाने आपलं नाव त्यात कोणत्या धोक्याखाली आहे ते एकदा पाहावं. पूरप्रवण यादीत गाव नसेल तर होडी, निवारा, शोधपथक यांच्या नियोजनातही ते नसतं. बचावाची मोठी तुकडी बाहेरूनच येते: राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे, राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. रस्ते बंद असताना त्यांना पोचायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही तास गावाचे स्वतःचे.

मे महिन्यात करायची कामं

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत गावाचा आपत्ती आराखडा ठरावाने मंजूर करून घ्या. ठरावाची प्रत तहसीलदारांना देऊन पोच घ्या. आराखडा चार पानांचा पुरे, पण त्यात या गोष्टी नावानिशी हव्यात: ओढ्या-नदीकाठच्या सखल वस्त्या आणि तिथली कुटुंबं, गरोदर, अंथरुणाला खिळलेले आणि डायलिसिसवरचे रुग्ण, जेसीबी, ट्रॅक्टर, होडी, पट्टीचे पोहणारे आणि दोर कुणाकडे, शाळेच्या किल्ल्या रात्री कुणाकडे, मंदिराचा आणि मशिदीचा भोंगा कोण चालू करणार, जनावरं कोणत्या उंच माळावर न्यायची.

निवाऱ्याचा हिशेब बहुतेक गावं करतच नाहीत. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या किमान मानकांप्रमाणे निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, रोज माणशी ३ लिटर पिण्याचं पाणी आणि ३० माणसांमागे एक शौचालय हवं. शाळेची ६०० चौरस फुटांची खोली म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, तिथे १६ माणसं. प्रत्यक्षात एका खोलीत साठ कोंबली जातात, दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात आणि लोक पाण्यातून घरी परत जायला निघतात. ३०० माणसं हलवायची असतील तर १,०५० चौरस मीटर जागा, रोजचं ९०० लिटर पिण्याचं पाणी आणि १० शौचालयं लागतील. एवढं गावात नसेल तर शेजारच्या उंच गावातलं मंगल कार्यालय आधीच बोलून ठेवा.

वैयक्तिक कागदांत या पाच गोष्टी तपासा:

- ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर केलेली पिकाची नोंद. शेतात कांदा आणि सातबाऱ्यावर सोयाबीन असं असेल तर पंचनामा तिथेच अडखळतो.
- शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारला जोडलेलं, चालू असलेलं बँक खातं.
- वारस नोंद. वडील जाऊन वर्षं झाली, पण सातबारा त्यांच्याच नावावर, ही अवस्था घरोघरी आहे. मयताच्या नावावर मदत जमा होत नाही. सामाईक खात्यात बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्रही लागतं. भावाभावांत बोलणं बंद असेल तर ते आत्ताच उरकलेलं बरं, पुरानंतर ते आणखी अवघड होतं.
- घराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नोंद.
- जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला. तो नसेल तर मृत जनावराची मदत अडते. सगळ्या बिल्ल्यांचे फोटो मोबाईलमध्ये आणि आणखी एका माणसाकडे ठेवा.

इशारा वाचता यायला हवा

भीमेकाठी दोन आकडे एकत्र पाहायचे असतात. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी आणि वीर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी. नीरा नरसिंहपूरला दोन्ही नद्या मिळतात आणि पुढे पंढरपूरला ते सगळं एकत्र जातं. उजनीचा विसर्ग कमी दिसला म्हणून व्यास नारायण झोपडपट्टीत किंवा नदीकाठच्या मठांत निर्धास्त राहणं चूक आहे. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.

सीनेचं गणित वेगळं. तिचं पाणी अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून येतं. आपल्या मंडळात थेंब नसताना रात्रीतून पाणी चढू शकतं. दारफळ, उंदरगाव, वाकावपासून खाली हत्तरसंग-कुडलच्या संगमापर्यंतच्या गावांनी सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या तीन प्रकल्पांच्या विसर्गाची खबर कुणाकडून घ्यायची ते नावासह ठरवून ठेवावं.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप वापरा, ते आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातला धोका दाखवतं. सरकारी इशाऱ्यांसाठी सचेत ॲप आहे. व्हॉट्सॲपवर ‘उजनीतून तीन लाख सोडलं’ असले निरोप फिरतात, ते पुढे ढकलण्याआधी १०७७ वर विचारा. घबराट पसरवणारा खोटा इशारा देणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

पंचनामा

इथे घाई करू नका, आणि गैरहजर तर अजिबात राहू नका.

पीक नुकसानीचा पंचनामा तिघे मिळून करतात: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. म्हणजे आपले तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक, पदांची नावं अलीकडे बदलली आहेत. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत लागू होते. ३० टक्के लिहिलं तर शून्य. म्हणून टक्केवारी कशी काढली ते विचारा आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो आकडा स्वतः वाचा.

दुसरी अट पावसाची. राज्यात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात, नुकसानीच्या दिवसाचं पान लगेच जपून ठेवा. मंडळाचं यंत्र तुमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं. तुमच्याकडे ढग फुटला आणि यंत्रावर ४० मिलिमीटर, असं घडतं.

नेमकं इथेच कारणाचा शब्द महत्त्वाचा ठरतो. नदी-नाल्याचं पाणी शिरून नुकसान झालं असेल तर मंडळात ६५ मिलिमीटरची अट आड येत नाही, कारण पूर ही वेगळी आपत्ती आहे. पंचनाम्यात नुसतं ‘पावसाने नुकसान’ लिहिलेलं असलं तर आक्षेप घ्या, ‘सीना नदीच्या पुराचे पाणी शिरून’ असं स्पष्ट लिहून घ्या. दिवसेंदिवस रिपरिप चालू राहून पीक सडलं असेल तर ‘सततचा पाऊस’. हीसुद्धा राज्याने २०२३ मध्ये मान्य केलेली स्वतंत्र आपत्ती आहे. वीज पडणं आणि अवेळी पाऊस केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या यादीत नसले तरी राज्याच्या यादीत आहेत. गारपीट केंद्राच्याच यादीत आहे.

शेतात पाणी असतानाच पुरावा गोळा करा. स्थान आणि वेळ छापून येईल असा फोटो, प्रत्येक गटाचा वेगळा, बांधावरची एखादी ओळखीची खूण आत येईल असा. पुराची पातळी भिंतीवर खडूने आखून तारखेसह फोटो घ्या. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांत ऊन पडतं, ऊस पुन्हा हिरवा दिसतो आणि ‘नुकसान कुठे आहे?’ असा प्रश्न येतो.

जमिनीचं नुकसान पिकाच्या कागदातच उरकू देऊ नका. गाळ साचलेली जमीन आणि खरडून वाहून गेलेली जमीन या दोन स्वतंत्र बाबी आहेत आणि त्यांच्या दरात दुपटीहून जास्त फरक आहे. क्षेत्र आर-गुंठ्यांत लिहून घ्या.

घराच्या बाबतीत ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ या दोन शब्दांमधलं अंतर लाखाचं आहे. पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. मागची भिंत खचली, माळवद झुकलं, राहण्यालायक राहिलं नाही, अशा घराला ‘अंशतः’ लिहिलं जात असेल तर अभियंत्याकडून तपासणीची लेखी मागणी करा. अंशतःसाठीही किमान १५ टक्के पडझड लागते. गोठ्याचे ३,००० रुपये घराला लागून असलेल्या गोठ्यासाठीच आहेत, रानातल्या वस्तीवरचा सुटा गोठा यात बसत नाही. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी व घरगुती सामानासाठी २,५०० वेगळे. त्यासाठी पाणी कधी शिरलं आणि कधी निघालं याची तारीख-वेळ पंचनाम्यात हवी.

जनावर मेलं तर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा. शवविच्छेदन, बिल्ल्याचा फोटो, पंचनामा, मग खड्डा. वाहून गेलेल्या जनावराचं शव मिळत नाही, तेव्हा बिल्ला क्रमांक आणि ग्रामपंचायतीचा दाखला हाच आधार.

माणूस दगावला तर दुःखात एक गोष्ट राहून जाते: शवविच्छेदन. वीज अंगावर पडून गेलेल्या माणसाला थेट घरी आणून अंत्यसंस्कार केले तर मृत्यूचं कारण सिद्ध करायला काहीच उरत नाही. पोलिसांना कळवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली मृत्यूचा पंचनामा होऊ द्या, शवविच्छेदन अहवालात कारण स्पष्ट येऊ द्या.

दर

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांतले ठळक दर असे. मृत्यू: वारसाला ४ लाख. ६० टक्क्यांहून अधिक अपंगत्व: २.५ लाख, ४० ते ६० टक्के: ७४,०००. आठवड्याहून अधिक रुग्णालयात राहावं लागलं तर १६,०००, कमी असेल तर ५,४००. पीक हेक्टरी: जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८,०००, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,०००, ही मदत अल्प व अत्यल्प भूधारकांना. गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००. दुधाळ मोठी जनावरं जास्तीत जास्त तीन, शेळ्या-मेंढ्या तीस.

राज्य सरकार स्वतःच्या पैशातून यात भर घालू शकतं. २०२५ च्या पुरानंतर मर्यादा तीन हेक्टर केली गेली, रब्बीसाठी हेक्टरी १०,००० जास्तीचे आणि खचलेल्या विहिरीला ३०,००० रुपये जाहीर झाले. पण ही वाढ त्या आपत्तीपुरती. पुढच्या आपत्तीसाठी तेव्हाचा शासन निर्णय पाहायचा, गेल्या वर्षीची बातमी नाही. केंद्राच्या निकषांत वाहून गेलेली मोटार, ठिबक संच, चाळीतला कांदा यांना बाबच नाही. तरी त्यांची नोंद पंचनाम्यात करून ठेवावी, राज्याने वेगळी मदत जाहीर केली तर तोच पुरावा.

पैसे खात्यात येईपर्यंत

यादी संगणकावर चढली की शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. यादी चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत लागते, ती लागली नसेल तर मागा. आपल्या नावापुढचं क्षेत्र, पीक आणि आधारचे शेवटचे अंक तपासा, मग गरज असेल तर सेवा केंद्रात ई-केवायसी करा. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, तुम्हाला वाटतं त्या खात्यात नव्हे. ‘पैसे आलेच नाहीत’ अशा कितीतरी तक्रारींत पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. बँकेने मदत कर्जखात्यात वळवली तर शाखा व्यवस्थापकाला शासन निर्णय दाखवा, मदतीतून कर्जवसुली करू नये असं त्यात लिहिलेलं असतं.

पीक विम्याची गोष्ट पूर्ण वेगळी. ‘७२ तासांत कळवा’ हा सल्ला अजून फिरतो, पण खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा गेला आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आली. म्हणून कापणी प्रयोगाच्या दिवशी गावातले दोन-तीन जाणते शेतकरी तिथे उभे असलेले चांगले.

ऊन आणि दुष्काळ

हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट प्रदेशात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तेव्हा उष्णतेची लाट. किंवा थेट ४५ अंश. सोलापूरची सरासरीच मे महिन्यात चाळिशीला टेकलेली असते, त्यामुळे ४३ अंशांत अंग भाजत असतानाही कागदावर लाट नसते. हा निकष आपल्याकडे तोकडा पडतो हे उघड आहे. त्यात तापमान सावलीतलं मोजलेलं, पत्र्याच्या शेडमधल्या यंत्रमागावर किंवा विडी वळणाऱ्या बाईच्या बंद खोलीत त्याहून जास्त असतं. शिवाय वरच्या निकषांत उष्णतेची लाट आपत्ती म्हणून नाही. म्हणून इथे भरपाईच्या मागे लागण्यापेक्षा तयारी मागा: ठेकेदाराकडून दुपारी १२ ते ४ काम बंद, प्रभागात पाणपोई, आरोग्य केंद्रात थंड खोली आणि बर्फ. उष्माघातात माणूस बरळायला लागला की आधी ओल्या कपड्याने आणि वाऱ्याने अंग थंड करायला घ्या, सोबत १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुष्काळ २०१६ च्या केंद्रीय संहितेप्रमाणे तालुकावार ठरतो: पाऊस, पेरणी, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतला ओलावा, पाणीसाठा. जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्ज वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीत शिथिलता, टँकर, आणि पंपाची वीज न तोडणं अशा सवलती मिळतात. यातल्या शुल्कमाफीचा आणि वीजबिलाचा अर्ज लोक करतच नाहीत.

नकार आला तर

तोंडी भांडण सोडा, तहसीलदारांना लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पंचनाम्याची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांत मागा, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिलं अपील. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. जात, धर्म, समाज किंवा लिंग पाहून मदत टाळली असेल तर अर्जात आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ लिहा, ते भेदभावाला मनाई करतं. आणि दुसऱ्या बाजूने, नसलेलं नुकसान दाखवणं कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गावकीच्या आग्रहापायी कुणाच्या खोट्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करू नका.

दिवाणी न्यायालयात जाऊन उपयोग नाही. कलम ७१ प्रमाणे या कायद्याखालच्या कारवाईबद्दल फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय ऐकू शकतं. सोलापूरकरांसाठी आता मुंबई गाठायची गरज राहिली नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं. वकिलाच्या खर्चाचीही सोय आहे: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये पूर आणि दुष्काळाच्या पीडितांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो. सोबत सातबारा, पंचनाम्याची प्रत, नुकसानीच्या दिवसाचं पर्जन्यमानाचं पान, तारीख-वेळेचे फोटो, शासन निर्णय आणि तहसीलदारांना दिलेल्या अर्जाची पोच, या क्रमाने लावून न्या.